नवऱ्याची मारहाण आणि गावचा दवाखाना: बाई एकटी भेटतच नाही, मग विचारायचं कसं आणि लिहायचं काय?

खानापूर_ओपीडी

नमस्कार मंडळी. प्रश्न खेड्यातल्या फॅमिली डॉक्टरांचा आहे, मोठ्या हॉस्पिटलचा नाही. खानापूर, बेळगाव तालुक्याचा पश्चिम पट्टा, निपाणी, चिकोडी, हुक्केरी इकडं काम करणाऱ्यांनी जरूर लिहावं. कारण इथं घरातली भाषा मराठी, ठाण्यातला कागद कन्नड, आणि माहेर बऱ्याचदा चंदगड-गडहिंग्लजला, म्हणजे दुसऱ्या राज्यात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कर्नाटकातल्या लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ४४ टक्क्यांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा झाल्याचं सांगितलं. देशाचा आकडा २९ च्या आसपास. आणि मार खाल्लेल्यांपैकी कुठं तरी मदत मागणाऱ्या देशभरात १४ टक्केच. म्हणजे उरलेल्या आपल्यासमोरून डोकेदुखीची गोळी घेऊन जातात.

अडचणी अशा. बाईबरोबर नवरा नाही तर सासू असतेच. 'पडले', 'गोठ्यात घसरले' यापुढं उत्तर येत नाही. खरं सांगितलं तर केस पेपरवर नेमकं काय लिहायचं, पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे का? नवरापण आपलाच पेशंट, गावकी सांभाळायची असते. आणि पाठवायचं तर कुठं? 'महिला आयोगाला लिहा' असलं उत्तर नको, उद्या सकाळी ओपीडीत करता येईल असं सांगा.

---

जुना_केसपेपर

एकटं भेटण्यापासून सुरुवात करू, सगळं तिथंच अडतं.

फक्त संशय आलेल्या बाईच्या नवऱ्याला 'तुम्ही जरा बाहेर थांबा' म्हटलं की त्याला लगेच वास येतो, आणि घरी गेल्यावर तिची उलटतपासणी होते. म्हणून नियम सगळ्यांना एकच पाहिजे. दारावर मराठी आणि कन्नड दोन्हीत पाटी: 'तपासणीच्या वेळी पेशंटशिवाय कुणी आत थांबू नये.' लहान मुलाबरोबर आई येणार, अगदी थकलेल्या म्हाताऱ्याबरोबर कुणी तरी येणार, ते वेगळं. बाकी अपवाद नको, पंचायत अध्यक्षांच्या घरची सून असली तरी. पाटी लावायच्या आधी महिनाभर तोंडी सवय लावा, नाही तर पहिल्याच आठवड्यात भांडण होईल. तरीही कुणी हटत नसेल तर वजन, लघवीची बाटली, ईसीजी, 'पोट उघडं करून तपासायचंय' ही कारणं हाताशी असतात. दोन मिनिटं मिळाली तरी पुरतात.

दुसरी चूक पार्टिशनची. आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत प्लायवूडचा आडोसा वर उघडा असतो, बाहेरच्या बाकावर शब्द न् शब्द ऐकू जातो. बाक भिंतीपासून लांब सरकवा, बाहेर टीव्ही किंवा पंखा चालू ठेवा, आवाज खाली घ्या. पुरुष डॉक्टरांनी बाई मदतनीस दिसेल अशी पण ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर ठेवावी. ती मदतनीस त्याच गल्लीतली किंवा नवऱ्याच्या भावकीतली असेल तर विचारूच नका, दुसरा दिवस बघा. दोन वर्षांपेक्षा मोठं मूल कडेवर असलं तरी विचारू नका. मूल घरी जाऊन सगळं बोलतं.

आता शब्द. 'घरी सगळं बरं आहे ना?' या प्रश्नाला 'बरं हाय' हेच उत्तर येणार, प्रश्नातच ते घालून दिलंय. 'छळ', 'अत्याचार', 'हिंसाचार' हे पेपरातले शब्द वापरले की बाई म्हणते, 'तसलं काय नाही ओ, नवरा आहे, रागात एखादी देतो.' म्हणून असं विचारा: 'अशी अंगदुखी, झोप न लागणं, बऱ्याच बायकांना घरच्या भांडणानं, मारानं होतं. तुमच्या अंगावर कोण हात टाकतं का?' पाठोपाठ, 'घरात कुणाची भीती वाटते का?' मार बंद झालेला असतो तरी भीती राहिलेली असते, त्यामुळं हा दुसरा प्रश्न जास्त सापडवतो.

'नाही' म्हणाली तर तिथंच थांबा. खोदू नका. 'बरं, कधी तसं काही असलं तर इथं बोलता येतं, माझ्याकडून बाहेर जात नाही' एवढं म्हणून औषध लिहा. तिनं तुम्हाला पारखून घेतलेलं असतं, दोन-तीन फेऱ्यांनी ती स्वतः विषय काढते. आणि 'हो' म्हणाली तर पहिल्या दोन वाक्यांत कागद, पोलीस, कायदा काही आणू नका. 'सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही.' आधी ऐका. 'तू काय बोललीस मग?', 'पोरांकडं बघून सहन कर', 'एवढं होतंय तर राहतेस कशाला?' ही तीन वाक्यं तोंडातून गेली की ती परत त्या विषयावर येत नाही. तिसरं वाक्य कळवळ्यातून येतं, पण तिला ऐकू येतं ते 'दोष तुझाच'.

सगळ्यात घातक मदत म्हणजे नवऱ्याला बोलावून समजावणं. गावात डॉक्टरांच्या शब्दाला मान असतो म्हणून मोह होतो. त्याला कळतं की बायकोनं बाहेर सांगितलं, आणि त्याची वसुली घरी होते. मारहाण चालू असताना दोघांना समोरासमोर बसवून समुपदेशन करू नये. बाई त्याच्यादेखत खरं बोलू शकत नाही, आणि बोलली तर भरपाई तिलाच करावी लागते.

---

मलप्रभा_काठ

पटलं, पण ओपीडीला ऐंशी पेशंट असताना प्रत्येक बाईला विचारायला वेळ कुठाय? आणि दहाजणींना विनाकारण विचारलं तर गावात बोभाटा होईल.

---

जुना_केसपेपर

प्रत्येकीला विचाराच असं कुणी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शनातही सरसकट चाळणीची शिफारस नाही. जिथं खूण दिसते तिथं विचारा.

खुणा कुठल्या? तोंड, मान, छाती, पोट, कोपरापासून मनगटापर्यंतची बाहेरची बाजू (वार अडवताना हात वर जातो). गोठ्यात घसरलेली बाई तळहात, गुडघा, नडगीवर पडते, कानामागं आणि दंडाच्या आतल्या बाजूला तिला मार लागत नाही. एकाच अंगावर जुने-नवे वळ. जखम आणि दवाखान्यात येणं यात दोन-तीन दिवसांचं अंतर. कानाचा पडदा फाटलेला, तोही बहुतेकदा डाव्या कानाचा, कारण मारणारा उजव्या हातानं समोरून कानशिलात देतो. तिथं थेंब घालू नका, कान कोरडा ठेवा, कानाच्या डॉक्टरांकडं पाठवा. बहुतेक पडदे काही आठवड्यांत आपोआप भरतात, पण ऐकू कमी येतंय ते आजच लिहून ठेवा.

जखम नसलेल्या खुणा जास्त आहेत आणि आपण त्याच सोडतो. सगळे रिपोर्ट नॉर्मल असूनही महिन्याला दोनदा येणारी डोकेदुखी, ओटीपोटात दुखणं, अंगावरून पांढरं जाणं वारंवार, परत परत लघवीचा जंतुसंसर्ग, छातीत धडधड, झोप नाही. गर्भपात लागोपाठ, किंवा सहाव्या महिन्यात पहिल्यांदा नाव घालायला येणं. तपासताना तिच्याऐवजी नवराच उत्तर देतो. ऐंशीत अशा चार-पाच निघतील, तेवढ्यांनाच विचारायचंय.

---

तालुका_कोर्ट

कागदाचं मी लिहितो. कोर्टात बाईची बाजू बहुतेक वेळा डॉक्टरांच्या केस पेपरवर उभी राहते किंवा त्याच्यावरच पडते. शेजारी साक्षीला येत नाहीत, माहेरचे 'हितसंबंधी' ठरतात. उरतो तो घटनेच्या दिवशी लिहिलेला कागद.

'पडल्यामुळे दुखापत' असं लिहून मोकळं होऊ नका. पुढं हेच वाक्य विरुद्ध बाजूचा वकील मोठ्यानं वाचून दाखवतो. ती 'पडले' म्हणतेय आणि जखम जुळत नाही, तर तसंच लिहा: 'रुग्णाच्या सांगण्यानुसार पडली, जखमेचं स्वरूप या कारणाशी जुळत नाही.' खरं सांगितलं तर तिचे शब्द अवतरणात आणि मराठीतच. बाकी पेपर इंग्रजीत असला तरी हे एक वाक्य देवनागरीत लिहा: 'नवऱ्यानं काल रात्री पोटात लाथ घातल्यान.' भाषांतर करताना 'कौटुंबिक वाद' असं गुळगुळीत होतं आणि लाथ गायब होते. कुणी मारलं, नातं काय, कशानं (हात, पट्टा, उसाचं कांडं), किती वाजता, बरोबर कोण आलं होतं हे सगळं आलं पाहिजे.

जखमा: शरीराचं पुढचं-मागचं रेखाचित्र छापून ठेवा, एका झेरॉक्सचं काम आहे. प्रत्येक जखमेला नंबर, जागा ('डाव्या कोपराच्या वर ४ सेंमी' अशी), लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, आकार, रंग. रंगावरून 'तीन दिवसांपूर्वीची' असं छातीठोक लिहू नका, उलटतपासणीत अडकाल. पिवळा रंग साधारण १८ तासांच्या आत दिसत नाही, एवढंच खात्रीनं म्हणता येतं. फोटो काढायचा तर तिच्या लेखी संमतीनं, शेजारी पट्टी ठेवून, एक लांबून आणि एक जवळून. स्वतःच्या फोनवर काढू नका, ते फोटो घरच्या सगळ्यांच्या गॅलरीत आपोआप जातात.

हाड किंवा दात मोडला, कायमचं ऐकू येईनासं झालं, किंवा १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या, रोजची कामं करता आली नाहीत, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ खाली ती 'गंभीर दुखापत' होते. जुन्या दंडविधानात हे २० दिवस होते, १ जुलै २०२४ पासून १५. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत 'अजून भाकरी थापता येत नाही, घागर उचलता येत नाही' हे तारखेसकट लिहिलेलं फार कामाला येतं.

पोलिसांना कळवण्याचं. सज्ञान बाईला नवऱ्यानं मारलंय आणि तिला तक्रार करायची नाही, तर नागरिकांनी कळवायच्याच गुन्ह्यांची जी यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये आहे, तिच्यात साधी किंवा गंभीर दुखापत नाही. 'तक्रारीबद्दल समजावून सांगितलं, सध्या नको म्हणाली' असं लिहून सही किंवा अंगठा घ्या. पण दोन ठिकाणी तुमच्या हातात काही राहत नाही. एक, मुलगी १८ च्या आतली असेल, मग लग्न झालेलं असो वा पोटुशी असो: पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणं कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा. आपल्या जिल्ह्यात बालविवाह होतात हे लपलेलं नाही, तेव्हा वय तोंडी विचारून सोडू नका. दोन, बलात्कार किंवा ॲसिड हल्ला: खासगी-सरकारी कुठल्याही रुग्णालयानं मोफत प्रथमोपचार करून लगेच पोलिसांना कळवायचं असतं, त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७. भाजलेली आणि विष प्यालेली केस मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांत नोंद होणारी, म्हणूनच पुढं पाठवतात. 'स्टोव्ह भडकला' हे तिनं म्हटलंय की बरोबरच्यांनी, ते वेगवेगळं लिहा.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याबद्दल बायकांत मोठा गैरसमज आहे: 'केस केली की नवऱ्याला आत टाकतील, मग पोरं कोण सांभाळणार?' हा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. मारू नको असा आदेश, घरात राहायचा हक्क, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा हे मॅजिस्ट्रेटकडून मिळतं, तातडीनं एकतर्फीसुद्धा. तुरुंग येतो तो आदेश मोडल्यावर: एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिथं राहायचा हक्क मागता येतो, सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ते स्पष्ट केलंय. कायद्यात पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असं धोरण लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात वेळ लागतो, तिला खोटी आशा दाखवू नका.

अर्ज कुठं? कलम २७: ती तात्पुरती जिथं राहते तिथंही. सासर खानापूरचं आणि बाई चंदगडला माहेरी गेलेली असेल तर दोन्हींपैकी कुठंही, आणि आदेश देशभर लागू. नवऱ्याच्या, सासरच्या छळाच्या कलम ४९८अ (आता न्याय संहितेचं ८५) ची तक्रारसुद्धा आसरा घेतलेल्या गावी देता येते, २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. हद्दीचं कारण सांगून कुठलं ठाणं परत पाठवत असेल तर 'झिरो एफआयआर' (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार) हे दोन शब्द तिला पाठ करून द्या.

---

हुक्केरी_सिस्टर

डॉक्टर लोक ज्या गोष्टी विसरतात त्या लिहिते.

केस पेपरवरचा मोबाईल नंबर नवऱ्याचा असतो. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाकला की संपलं. 'या नंबरवर फोन केला तर कोण उचलतं?' हे प्रत्येक बाईला विचारा. आणि घरटी एकच फाईल ठेवायची पद्धत बंद करा. सासूचं बीपी लिहायला काढलेल्या फाईलमध्ये सुनेचं सगळं दिसतं. पोटुशी असेल तर ताई कार्डावर (गरोदरपणाच्या नोंदींचं कार्ड) यातलं काही लिहू नका, ते कार्ड घरात, अंगणवाडीत, सगळ्यांच्या हातातून फिरतं.

पैशाचा कोंडमारा कसा ओळखायचा? 'गृहलक्ष्मीचे (घरच्या प्रमुख बाईला राज्य सरकारकडून महिन्याला मिळणारे) दोन हजार कोण काढतं?' असं सहज विचारा, बाकीचं आपोआप बाहेर येतं. एकत्र कुटुंबात रेशनकार्डावर सासू प्रमुख असते त्यामुळं पैसे तिच्या खात्यावर जाणं नवल नाही, पण स्वतःचं पासबुक आणि आधार हातात नसणं ही खूण आहे. आधार महत्त्वाचं यासाठी की शक्ती योजनेत सरकारी साध्या बसमधून कर्नाटकात फुकट जाता येतं ते ओळखपत्र दाखवूनच. रात्री घर सोडायची वेळ आली आणि हातात आधार नसलं तर बेळगावपर्यंतचं तिकीटही महाग पडतं.

म्हणून पिशवी. आधार, रेशनकार्ड, पासबुक, पोरांचे जन्मदाखले, लग्नाचा फोटो, दागिन्यांची यादी, चालू औषधं, थोडे पैसे. घरात ठेवायची नाही, सापडते. विश्वासातल्या शेजारणीकडं किंवा बहिणीकडं. मूळ कागद हलवता येत नसतील तर झेरॉक्स. भांडण पेटलं की स्वयंपाकघरात आणि न्हाणीत अडकायचं नाही, दाराकडं सरकायचं: एका ठिकाणी चाकू-विळी, दुसरीला बाहेर पडायला वाट नाही.

नंबर: १८१ महिला हेल्पलाईन, ११२ तातडीला, १५१०० मोफत वकिलासाठी (बाईला उत्पन्नाची अट नाही). चिठ्ठीवर 'महिला हेल्पलाईन' असं लिहून दिलं की घरात सापडून मार बसतो. औषधांच्या यादीत एखाद्या कोपऱ्यात नुसतं '१८१' लिहा आणि तोंडी समजावा. फोन झाल्यावर कॉल लिस्टमधून काढायला सांगा. फोन लागला की आधी राज्य, जिल्हा, तालुका, मग गाव सांगायचं, सीमेवर हे लागतं.

आशाताईंची मदत घ्या, पण ती नवऱ्याच्या भावकीतली नाही ना हे बघूनच. बिचारीला त्याच गावात राहायचं असतं.

---

तालुका_कोर्ट

सिस्टरांच्या लिखाणात एक भर. कर्नाटकात तालुक्याचे सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) हेच कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी म्हणून नेमलेत, म्हणजे ज्याला लोक अंगणवाड्यांचं ऑफिस म्हणतात ते. याचा मोठा फायदा: 'पोराच्या अंगणवाडीच्या कामाला जाते' म्हटलं तर घरात कुणी विचारत नाही. तिथं घटनेचा अहवाल, म्हणजे नमुना १, भरून घेतात. राज्यानं अधिसूचित केलेल्या वैद्यकीय संस्थेत बाई गेली आणि अहवाल झालेला नसेल, तर २००६ च्या नियम १७ प्रमाणं तो त्या संस्थेच्या प्रमुखांनीच भरून अधिकाऱ्याकडं पाठवायचा असतो, आणि तपासणी अहवालाची प्रत तिला मोफत द्यायची असते. आधी अहवाल आणा मग तपासतो, असं म्हणता येत नाही. खासगी डॉक्टरनंही बाईच्या संमतीनं अधिकाऱ्याला कळवलं तर सद्हेतूनं दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर दावा होत नाही, याच कायद्याचं कलम ४.

लगेच निवारा लागला तर बेळगावचं सखी केंद्र, म्हणजे पीडित बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र. तिथं साधारण पाच दिवस राहता येतं, वकील आणि समुपदेशक तिथंच भेटतात.

---

खानापूर_ओपीडी

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. एक, कुठल्या बाईला 'परवा या' म्हणायचं आणि कुठलीला आजच घरी पाठवायचं नाही, हे कसं ठरवायचं? दुसरी, नवरा काउंटरवर येऊन 'माझ्या बायकोचे पेपर द्या' म्हणाला तर?

---

जुना_केसपेपर

सहा प्रश्न विचारा. गेल्या सहा महिन्यांत मार वाढलाय का, वारंवार किंवा जास्त जोरात? हत्यार वापरलंय किंवा दाखवलंय का? कधी गळा आवळलाय का? गरोदरपणात मारलंय का? तो सतत संशय घेतो, वेड्यासारखा पाळत ठेवतो का? आणि 'तो मला जिवानिशी मारेल' असं तिला स्वतःला वाटतं का? तीन किंवा जास्त 'हो' आले तर धोका मोठा समजून तिला त्या दिवशी घरी जाऊ न देण्याचा प्रयत्न करायचा. तिच्या अंदाजाला कमी लेखू नका, नवरा तिला आपल्यापेक्षा जास्त कळतो. घर सोडायचं ठरवलेले दिवस सगळ्यात धोक्याचे असतात, त्यामुळं 'सोड त्याला' हा सल्ला तयारीशिवाय देऊ नये.

गळा आवळण्याबद्दल वेगळं लिहितो, कारण हे आपल्या हातून सर्रास सुटतं. निम्म्याहून जास्त वेळा मानेवर काही दिसत नाही. बाईही 'नुसता गळा धरला' एवढंच म्हणते. विचारा: डोळ्यांपुढं अंधारी आली का, लघवी सुटली का, आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का? पापण्या उलटून बघा, कानामागं, टाळूवर बारीक लाल ठिपके शोधा. यातलं काहीही असेल तर घसा दुखतोय म्हणून अँटिबायोटिक देऊ नका. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून चीर पडून काही दिवसांनीही अर्धांगाचा झटका येऊ शकतो. सिव्हिल किंवा जिथं मानेची सीटी अँजिओग्राफी होते तिथं, १०८ च्या ॲम्ब्युलन्सनं पाठवा. चिठ्ठीवर 'गळा आवळल्याची केस' असं स्पष्ट लिहा, नाही तर तिथंही मुका मार म्हणून पट्टी होईल.

गरोदर बाईच्या पोटाला मार लागला असेल तर बाहेरून काही नसलं तरी किमान चार तास बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवता येईल अशा ठिकाणी पाठवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटि-डी इंजेक्शन ७२ तासांत.

जबरदस्ती झाली असेल तर: तातडीचं गर्भनिरोधक, लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिग्रॅ एकच डोस, जितकं लवकर तितकं चांगलं, ७२ तासांत. १२० तासांपर्यंत देतात पण असर कमी. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू आणि २८ दिवस. गर्भपाताला सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये गर्भपात कायद्यापुरता नवऱ्याचा बलात्कारही बलात्कार धरलाय, आणि त्यासाठी एफआयआर लागत नाही. पाळणा लांबवायचाय पण घरी गोळ्या सापडतात अशीला सरकारी दवाखान्यातलं अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, कुठं खूण राहत नाही. पाळी अनियमित होईल हे आधी सांगा, नाही तर घरात तोच प्रश्न निघतो.

झोपेच्या गोळ्यांचं मात्र जपून. अल्प्राझोलम देऊन तिला गुंगीत ठेवलं तर रात्री तिला उठून पळताही येत नाही, आणि महिन्याच्या गोळ्या एकदम हातात दिल्या की आत्महत्येचं साधनच दिल्यासारखं. द्यायचीच असतील तर पाच-सात दिवसांच्या, म्हणजे ती परत येईल. 'जिवाचं काही करावं असं मनात येतं का?' हे सरळ विचारा, विचारल्यानं डोक्यात भरत नाही. ऊस आणि तंबाखूच्या पट्ट्यात घरोघरी तणनाशक, कीटकनाशक असतं. ते कुठं ठेवलंय विचारा आणि कुणाकडून तरी रानातल्या खोपीत कुलपात हलवून घ्या. टेलिमानसचा (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन) १४४१६ नंबर द्या, प्रयत्न केलेल्या पेशंटला 'पोलीस केस होईल' म्हणून घाबरवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ती शिक्षेची भीती काढलीय.

आता नवरा काउंटरवर. दारू सोडायला, बीपीला तो आला तर त्याचे उपचार नेहमीसारखे करा. फक्त दारू सुटली की मार सुटेल असं तिला सांगू नका, दोन्ही एकच नाहीत. तिचे पेपर मागितले तर नकारही सगळ्यांना सारखा: 'ज्याचा पेपर त्यालाच मिळतो, सहीनं.' काउंटरवरच्या मुलाला हे एवढं वाक्य पाठ पाहिजे. 'डॉक्टर नाहीत, उद्या या' असं म्हणायला शिकवू नका, त्यानं संशय वाढतो. तिनं स्वतः किंवा कोर्टानं मागितले तर ७२ तासांत द्यायचे. नियमानं नोंदी तीन वर्षं ठेवायच्या असतात, पण या केसेस त्यापेक्षा लांबतात, तेव्हा असे पेपर फाडू नका. वेगळ्या कपाटात, किल्ली तुमच्याकडं.

---

खानापूर_ओपीडी

पाटीचा मजकूर कन्नडमध्ये कुणी देईल का? आणि रेखाचित्राची छापायला सोपी प्रत?

---

हुक्केरी_सिस्टर

कन्नड ओळ: 'ತಪಾಸಣೆ' वगैरे इथं लिहिण्यापेक्षा तुमच्या कंपौंडरकडून लिहून घ्या, तिकडच्या बोलीत बसेल असं. रेखाचित्र वहीच्या पानावर हातानं काढा, पुढून एक, मागून एक, डोक्याच्या दोन्ही बाजू वेगळ्या. कानामागची जागा दिसली पाहिजे. त्याचेच पन्नास झेरॉक्स.